पट्ट्यापाशी घ्यायचं नाव

१० नोव्हेंबर
आले एकदाची सासरी. खानापूरहून रामनगर ते काय लांब, पण आईने रडून गाव गोळा केलं. घर आणि भाताची गिरणी एकाच छपराखाली. सगळीकडे कोंडा, अगदी अंथरुणातसुद्धा. सुदेश लाजरा आहे, मला आवडला. त्याची पहिली बायको, फुला, वारली हे ठाऊक असूनच मी होकार दिला. मेलेल्या बाईशी कसली बरोबरी करायची?

१२ नोव्हेंबर
करावी लागते. आज सकाळी इंजिनाला हँडल मारण्याआधी सुदेश पट्ट्यापाशी गेला आणि हळूच म्हणाला, "फुला, बाजूला सर गं." इतक्या मायेने मला अजून हाक मारलेली नाही. सासूबाई म्हणाल्या, घरची रीतच आहे. गिरणीने जिला ओढलं ती तिथेच उभी असते, तिला सांगूनच पट्टा फिरवायचा. आधी आजेसासूचं नाव घ्यायचे. मग फुलाचा पदर गेला पट्ट्यात, आणि आजी सुटली.

१९ नोव्हेंबर
भात घेऊन येणारे लोकही तिचंच कौतुक सांगतात. माझा नुसता जळफळाट होतो. शेवटी अबोला धरला. सुदेशला बजावलं, उद्यापासून तिथे माझं नाव घ्यायचं, नाहीतर मी माहेरी चालले. सासूबाईंनी हात जोडले. "जित्या माणसाचं नाव तितं घ्यायचं न्हाई, बाई." मी ऐकलं नाही.

२० नोव्हेंबर
घेतलं त्याने. "मयूरी, बाजूला सर गं." स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं, फार गोड वाटलं. फक्त केसांत कोंडा कुठून आला कळेना.

२३ नोव्हेंबर
चहा ठेवायला उठते आणि बघते तर पट्ट्यापाशी उभी. त्याने हाक मारली की मगच पाय हलतात. घरात चहा झालेला असतो. मी केलेला नसतो.

२५ नोव्हेंबर
आता घरात जाताच येत नाही. सुदेश माझ्याकडे बघतो, पण मी दिसत नाही. सासूबाई आत कुणाला तरी वाढायला सांगतात — फुला म्हणून हाक मारून —

२६ नोव्हेंबर
तो आला. हँडल घेतलं. मागून फुला दारात आली, माझी लग्नातली साडी नेसून. गाल फुगवलेत. रोज उठून हिचंच नाव कशाला, म्हणते. तो हसला — मान डोलावली — नाव न घेताच हँडल फिरवायला वाकला —
सुदेश, आधी माझं नाव — फक्त एकदा — पदर —