रोमनांच्या बांधावर बसून

प्रिय एलेरी,

तुझं पत्र पोचलं. कार्डिफच्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून घरी येते, आपला डोंगर आणि मेंढ्या सांभाळते म्हणतेस. वाचून ऊर भरून आला आणि लगेच रागही आला.

परवा लोकर कातरायला मेंढ्या खाली आणल्या. नेहमीप्रमाणे सगळं खोरं मदतीला आलं. माझा गुडघा नेमका रोमनांच्या बांधापाशी संपावर गेला, म्हणून तिथेच बसलो. शेजारचा इथेल ओरडला, "बसा बसा, सम्राट! धावायला आम्ही सैनिक आहोतच!" त्याची सून मेरेरिड मात्र हसली नाही. माझी कुत्री घेऊन ती उरलेल्या मेंढ्या आणायला सरळ वर गेली.

बसल्या बसल्या तो बांध नीट पाहिला, रोमन सैनिकांनी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या छावणीभोवती घातलेला. तिरप्या उन्हात छावणीच्या चारही बाजू उठून दिसत होत्या, कोपरे कसे सुबक गोलसर. दिवसभर ओझी वाहत चालायचं, मग या वाऱ्यात चर खणायचा, माती रचायची, तंबू ठोकायचे आणि एक-दोन रात्रींचा मुक्काम आटोपला की पुढच्या वाटेला लागायचं! तेवढ्यासाठी एवढं नेटकं काम! मी आणि इथेल साधं फाटक बसवायला घेतो, तर निम्मा वेळ चहात जातो आणि फाटक तिरकंच बसतं. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटतं, पोरी.

आपल्या मेंढ्या त्याच बांधाच्या आडोशाला बसतात. कुंपण नाही, तरी हद्द सोडत नाहीत; आईमागे चरता चरता कोकरू ती शिकतं. इथेलने एकदा शहाणपणा करून बाजारातला कळप वर सोडला, तर तो पलीकडच्या खोऱ्यात चर्चच्या आवारातली फुलं खाताना सापडला. म्हणून तर शेत दुसऱ्याच्या हाती गेलं, तरी कळप डोंगरावरच राहतो.

आता खरं सांगतो. काल मी मेरेरिडला शब्द दिला. हिवाळ्याआधी शेत आणि कळप तिच्याकडे जातील. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू माझी कीव करून धावत आली असतीस. लहानपणी तू या डोंगरावर माझ्या मागे मागे फिरायचीस, तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा. तुझं पत्र वाचून मात्र भीती वाटली, की कोकरासारखी तुलाही मी हद्द शिकवली की काय. राजीनामा दिला असशील तर उद्याच मागे घे. मला तुझी रोज आठवण येते. भेटायला ये, हवं तितक्या वेळा ये. राहायला येऊ नकोस.

तुझाच,
बाबा