ज्वारी भरलेल्या सोंगट्या

आई, तुझ्या सोंगट्या बदलायची वेळ आली आहे आणि तुला विचारल्याशिवाय माझ्याच्यानं ते होईना. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या वस्तूला हात लावताना अजून दाराकडे बघते. लेकीचे बुद्धिबळाचे सर म्हणाले, स्पर्धेत असतात तसल्याच सोंगट्यांवर घरी सराव पाहिजे. तुझा वाकडा उंट हातात घेऊन त्यांनी हसू दाबलं, ते मला दिसलं. रागारागातच गुलमंडीच्या बाजारात गेले आणि लाकडी संच आणला. तेव्हापासून तो कपाटात पडून आहे. लेक रोज विचारते, कधी काढायचा? मी म्हणते, बघू.

तिला मी कूलरची गोष्ट सांगितली, पण तिला ती खोटी वाटते. घरात एसी असलेल्या पोरीला काय कळणार? सिडकोतल्या आपल्या दोन खोल्या, मे महिना, खिडकीतलं ते कूलरचं पत्र्याचं धूड. आपला पट प्लास्टिकच्या पोकळ सोंगट्यांचा, फुंकर मारली तरी पडतील अशा. दादाला ते बरोबर ठाऊक होतं. डाव हरायला लागला की तो पाणी प्यायला म्हणून उठायचा आणि येता येता कूलरची पट्टी पटाकडे वळवायचा. राजासकट सगळे आडवे. वर साळसूदपणे म्हणायचा, "वाऱ्याला मी काय करू? डाव रद्द." त्या उन्हाळ्यात तोवर मी एकही डाव जिंकले नव्हते; हरलेले डाव मात्र मोजले जायचे. शेवटी एक दिवस पट उधळून दिला आणि सांगितलं, आता खेळायचंच नाही.

तू मशीनवर कुणाचं तरी ब्लाऊज शिवत बसली आहेस. मला वाटतं, आता तू दादाला झापशील. तू मलाच झापतेस. "रडून काय व्हतंय? वारं कुणाचं ऐकत नाय. सोंगटीच जड करू. ऊठ, ज्वारीचा डबा आण."

मग तू सुरीच्या टोकानं एकेका सोंगटीचं बूड उघडलंस, आत ज्वारी ठासून भरलीस आणि खाली मखमलीची गोल कातरणं डिंकानं चिकटवलीस. दुसऱ्या दिवशी दादा पाणी पिऊन आला, पट्टी वळली, आणि एक प्यादंसुद्धा हललं नाही. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी जिंकले. तू मशीनवरून मान वर केली नाहीस, पण पाय थांबला होता.

श्रावणात मात्र ऐन डावात माझ्या वजिराच्या बुडातून किडा बाहेर आला आणि पटावरून चालू लागला. दादा लोळून लोळून हसला. तूही हसलीस, स्वतःलाच म्हणालीस, "धान्याला कीड लागती, येवढं बी ध्यानात आलं नाय बग." सगळ्या सोंगट्या पुन्हा उघडून त्यात पिठाच्या चाळणीनं चाळलेली रेती भरलीस, वर मेणबत्ती वितळवून ओतलीस. मेण जरा जास्त तापलं होतं, तेवढा एक उंट वाकला. तुला या खेळातलं काही कळत नव्हतं. घोडा अडीच घरं जातो हे सांगितलं तर म्हणायचीस, "जाऊ दे की मग." पण माझा खेळ तू वाचवलास, आई. पुढे मी जे काही खेळले आणि आज लेकीला जे शिकवते, ते सगळं त्यामुळे. हे तुझ्यासमोर कधी म्हणाले नाही, आता म्हणते.

इथवर लिहून सकाळी उठले होते. दुपारी दादा आला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, जुन्या मला दे, मी सांभाळतो. इतक्या वर्षांत त्यानं पट्टी वळवल्याची कबुली दिली नाही, पण सोंगट्यांचा डबा दोन्ही हातांनी घेतला. मग मी कपाट उघडलं आणि लेकीसमोर नवा संच मांडला.

चांगला आहे, आई. तुझ्या सोंगट्यांपेक्षा चांगला. सोंगटी हातात भरते, जिथे ठेवावी तिथे बसते. लेकीनं मला घाम फोडला, मी कशीबशी बरोबरी केली. आणि हे पत्र पाठवायचं नाहीच आहे, म्हणून लिहून टाकते: डाव संपेपर्यंत मला तुझी एकदाही आठवण आली नाही.