हाळी बंद न करण्याबाबत

प्रति,
मा. पंचायत विकास अधिकारी साहेब,
ग्रामपंचायत कार्यालय, माळेवाडी
(संतपूरजवळ), जि. बीदर.

अर्जदार : पिराप्पा मल्लप्पा मेत्रे, वय सत्तरीच्या पुढे, धंदा पूर्वी मेंढ्या राखणे, सध्या नातवंडांस शिकवणे.

विषय : भूकंप व वीज यांपासून मुले वाचावीत म्हणून दिली जाणारी हाळी बंद करण्याची नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : मागील सोमवारी शिपायाच्या हस्ते मिळालेली आपली नोटीस.

महोदय,

१. सदर नोटीस कन्नडमध्ये असल्याने अर्जदाराची सातवीत शिकणारी नात तुळजा हिने ती ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवली. अर्जदार विशिष्ट आवाज काढून शेजारी हावगेप्पा यांची मेंढरे आपल्या घरात ओढतो व कोंडतो, तरी चौकशी पुरी होईपर्यंत त्याने गावात तसा आवाज काढू नये, असे तीत म्हटले आहे. अर्जदाराने त्या घटकेपासून तोंड बंद ठेवले आहे. परंतु आवाज कशासाठी काढला जातो हे नोटिशीत कोठेच आलेले नाही, म्हणून हा अर्ज.

२. किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे अर्जदाराच्या जुन्या मातीच्या घरातही उतरंड कोसळली होती. घरातली शहाणी माणसे दाराशी एकमेकांत अडकली. कोणी पेटी उचलत होते, कोणी अंधारात कडी चाचपत होते. मेंढरे मात्र अर्जदाराच्या वडिलांनी एक हाळी देताच ओळीने कुंपणाबाहेर आली. जे मेंढराला येते ते माणसाच्या लेकराला का येऊ नये, हा विचार तेव्हापासून अर्जदाराच्या डोक्यात आहे.

३. मुलगा महांतेश बीदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात कामाला असतो व सून शेतात जाते. दिवसा घरात अर्जदार, पत्नी नागूबाई आणि मुले एवढीच माणसे. म्हणून अर्जदाराने मुलांना हाताशी धरून घर तयार केले. माळ्यावरचे पितळी हंडे खाली आले. कपाट भिंतीला आवळून बसवले. मुलांच्या उशाशी टांगलेला आरसा हलवला. दाराजवळच्या खुंटीला एक पिशवी अडकवली. तीत बॅटरी, पाणी, औषधे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले रेशनकार्ड आणि नागूबाईच्या हातच्या कडक भाकरी, सोबत शेंगदाण्याची चटणी. कडक भाकर महिनाभर टिकते असा सर्वांचा अनुभव आहे. या पिशवीत ती दोन दिवसही टिकली नाही. धाकटा नातू मल्लेश यास विचारले असता तो म्हणाला, ‘‘भूकंपात खायला बरी लागंल का न्हाई ते बघायलोय.’’ अर्जदाराने त्याला न रागावता पिशवीचा राखणदार नेमले. तेव्हापासून तो खुद्द अर्जदारासही पिशवीला हात लावू देत नाही.

४. आता हाळीविषयी. जमीन हलली तर घराबाहेर मोकळ्यावर यावे आणि वीज चमकू लागली तर झाडाखालून निघून पक्क्या घरात यावे, या दोन उलट गोष्टी लहान मुलांच्या डोक्यात काही केल्या नीट बसेनात. पहिल्या सरावाला निम्मी बाहेर पळाली आणि निम्मी खाटेखाली शिरली. मेंढपाळाजवळ मात्र मुळातच दोन हाळ्या असतात : सकाळी कळप बाहेर काढायची ‘हुर्रर्र’, आणि सांजेला आत घ्यायची ‘योऽ यो यो’. या दोन्ही हाळ्या मुलांनी पाळण्यात असल्यापासून ऐकलेल्या. त्या लावून दिल्यावर एका आठवड्यात घरची मुले तयार झाली, पुढच्या आठवड्यात सगळी गल्ली. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, ढकलायचे नाही, वयाने सर्वांत मोठे असेल त्याने सर्वांत शेवटी यायचे आणि दार लावायचे, एवढाच नियम.

गावात मेंढरेही राहतात, ही गोष्ट अर्जदाराच्या ध्यानातून सुटली, हे तो मान्य करतो. गुडघे गेल्यावर त्याने आपला कळप हावगेप्पांना विकला. कळप विकला, हाळी विकलेली नव्हती व तशी काही बोलीही झाली नव्हती. त्यामुळे मेंढरांनी ती विसरण्याचे कारण नव्हते. सरावाच्या वेळी ती मुलांच्या आधी मोकळ्या जागेत येऊन बसत. ‘‘मेंढरं बसलीत तिथं जमायचं,’’ असे सांगणे मुलांना उलट सोपे पडले.

५. मे महिन्यात हावगेप्पा पाहुण्यांकडे नौबादला गेले असता दुपारी आभाळ भरून आले. मुले मोठ्या चिंचेखाली खेळत होती, मेंढरेही तेथेच उभी होती. अर्जदाराने आत यायची हाळी दिली. मुले ओळीने महांतेशच्या स्लॅबच्या खोलीत आली आणि मागोमाग सगळी मेंढरे आली. सुनेच्या पिठाच्या डब्याचे जे झाले ते येथे लिहीत नाही. थोड्याच वेळात वीज पडली आणि चिंच बुंध्यापर्यंत उभी फाटली. हावगेप्पा भिजत परतले, आपली मेंढरे दुसऱ्याच्या फरशीवर पाहिली आणि चिंचेकडे न जाता तडक आपल्या कार्यालयात आले.

६. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिंच पाहिली. पुढे काही दिवस ते मागच्या गल्लीने ये-जा करत. परवा येऊन ओट्यावर बसले व म्हणाले, ‘‘पिराप्पाअण्णा, तक्रार माघारी घ्यायला गेलतो. नोंद झालीय म्हणाले, आता चौकशीच व्हईल. मी काय करू, तुमीच सांगा.’’ नागूबाई आतूनच बोलली, ‘‘मेंढरं एवढा वेळ घरात होती, ती काई बोलली न्हाईत. तुमीच लई बोललाव.’’ मग तिनेच चहा दिला.

७. नोटिशीनंतर पुन्हा एकदा गडगडाट झाला. मुले माळावर होती. अर्जदार ओट्यावर तोंडाशी उपरण्याचा बोळा धरून उभा राहिला. मुले खेळ थांबवून त्याच्याकडेच पाहत होती. जागची हलली नाहीत, कारण हाळीवाचून हलायचे नाही हे त्यानेच शिकवलेले. मल्लेशने ओरडून विचारले, ‘‘आप्पा, कामून गप बसलाव?’’ तेवढ्यात माळावर असलेल्या तुळजाने दगडावर चढून हाळी दिली. सगळे आत आले, मेंढरेही. ती सर्वांत शेवटी आली व तिने दार लावले. नंतर विचारले तर म्हणाली, ‘‘नोटीस तुमच्या नावावर हाय आप्पा, माझ्या न्हाई.’’ तिला रागे भरणे अर्जदाराला जमले नाही.

तरी साहेबांनी कृपा करून नोटीस मागे घ्यावी. ते शक्य नसल्यास निदान तीत तुळजाचे नाव घालू नये. कार्यालयाने दुसरा एखादा आवाज ठरवून दिल्यास मुलांना शिकवता येईल. मेंढरांना शिकवण्याची जबाबदारी कार्यालयाने घ्यावी. चौकशीसाठी साहेबांनी स्वतः एखाद्या रविवारी यावे ही विनंती. फक्त हाळी होताच समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून ओळीत चालावे लागेल, आणि समोर मेंढरू आले तरी ओळ मोडता येणार नाही.

आपला नम्र, व नोटिशीप्रमाणे अद्याप गप्प असलेला,
पिराप्पा मल्लप्पा मेत्रे
माळेवाडी, दि. ९ जून

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) या अर्जाचा कन्नड तर्जुमा, तुळजाच्या अक्षरात.
३) हावगेप्पा यांची संमती, सहीसह.
४) पिशवीतील कडक भाकर, नमुन्यादाखल एक. (राखणदाराने देण्यास नकार दिल्याने जोडलेली नाही. पाहणीस आल्यावर साहेबांनी स्वतः मागून पाहावी.)