दोन बोटं वर

कैरो, ९ नोव्हेंबर

प्रिय हाझिमदादा,

सलाम. दोह्यात आता उकाडा उतरला असेल. आई नि मी, आम्ही दोघी मजेत आहोत.

बातमी अशी की कधी एकदा तुला सांगते असं झालंय. स्टेशनाच्या नव्या आराखड्यात माझी सूचना घेतली! मेट्रोतून वर आलं की बस नि मायक्रोबस एकाच छपराखाली, आणि प्रत्येक थांब्यावर हाताची खूण रंगवलेली. आपण रस्त्यात उभं राहून ड्रायव्हरला करतो, त्याच खुणा. दोन बोटं वर पसरली की अरबी सातचा आकडा, म्हणजे आपली वस्ती, सातवा भाग; तीच खाली केली की आठचा, म्हणजे शेजारचा आठवा. ऑफिसातले साहेब हसले, "ही काय गल्लीतली भाषा!" मी म्हटलं, "साहेब, मायक्रोबस पकडताना अख्खं कैरो मुकंच असतं."

कल्पना कुणामुळे सुचली, ते तू ओळखलंसच. आईला ऐकू येत नाही, पण रस्त्यावर तिचं कधी अडलं नाही. स्टेशन खणल्यापासून थांबे विखुरले, ती चुकू लागली, म्हणून तू तिचं दोह्याचं तिकीट काढलंस. तुझी काळजी कळते मला.

रविवारी चाचणी झाली. थांब्यांवर नावं अजून लिहायची होती, नुसत्या खुणांच्या पाट्या लावलेल्या. काय गर्दी लोटली म्हणून सांगू! सगळं छान झालं.

छान कसलं, दादा. आई हरवली. "एकटी घरी जाते," असं खुणेनं सांगून निघाली, पण तासाभरानं शेजाऱ्यांना फोन केला तर ती पोचलीच नव्हती. मी रडत स्टेशनभर धावले. तेवढ्यात थांब्यावर भांडण पेटलं. सातव्याला निघालेली माणसं आठव्यात उतरून चिडून परत आली होती. बिशाय मिस्त्रीनं आठव्याची पाटी उलटी ठोकली होती!

"बाई, हात म्हटला की बोटं वरच असणार ना!" तो मलाच म्हणतो.

आणि समोरून आई. आठव्यात उतरून तिनं पहिल्याच मायक्रोबसला दोन बोटं वर करून दाखवली, घरी गेली, कुलूप बघून मला शोधायला परत आली. माझा दंड धरून हातवारे करत विचारते कशी, "तू कुठं हरवली होतीस?"

खरं सांगते, ती गेली तर मला घर खायला उठेल. पण तिकिटाचं मी तिलाच विचारलं. तिचं उत्तर सोबतच्या फोटोत आहे. तुझ्या मित्रांना ती विजयाची खूण वाटेल. तिला कुठं उतरायचंय, ते तुला कळेल.

सातव्या भागातून, आईच्या शेजारी बसून,
तुझी रबाब