तळहातावरची गोळी

शिरूर अनंतपाळ
२८ नोव्हेंबर २०२५

सौ. उज्वलाताईस,
सिंधुचा सप्रेम नमस्कार वि. वि.

फोन केला असता, पण आपल्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि अर्धी गल्ली ऐकते. म्हणून पत्र. तुम्ही नर्स असलात तरी अक्षर डॉक्टरचं आहे, तेव्हा उत्तर जरा सावकाश लिहा.

तुमचे दादा तुमच्या वॉर्डात जाऊन सव्वीस दिवस झाले. दारू सुटली का आणि कानातलं ते बोलणं थांबलं का, एवढंच कळवा. व्यसनमुक्तीवाल्यांनी डोक्याचा आजार आहे म्हणून परत पाठवलं. डोक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण आधी दारू सोडवून आणा म्हणाले. दोन दारांच्या मधल्या पायरीवर आमची दोन वर्षं गेली. तुमच्याकडे दोन्ही आजार एकाच खाटेवर घेतात हे ऐकून मी नारळ फोडला.

दुपारी डोळा लागला की एकच स्वप्न पडतं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली आणि तिच्यात यांची टोपी तेवढी हलताना दिसते. मी हाक मारते, टोपी थांबते, पण तोंड काही वळत नाही.

येळवसाला, अमावस्येच्या शेतपूजेला, त्यांना सोडतील का? गोळ्यांची काळजी करू नका. तुम्ही शिकवलं तशी गोळी कुटून ताकात घालीन, पहिल्यासारखी. त्यांना कळायचंसुद्धा नाही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

आपली,
सिंधु

नांदेड
३ डिसेंबर २०२५

ती. सौ. वहिनीस,
उज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर लागलं नाही तर मीच येऊन वाचून दाखवीन.

आधी दादाचं. महिना झाला, दारू नाही. हात थरथरायचे थांबले. आवाज आहेत, पण लांबचे; पलीकडच्या घरात रेडिओ लावल्यासारखे, असं तोच म्हणतो. त्या आवाजांना झोपवायला तो प्यायचा आणि उतरली की ते दुप्पट जोराने यायचे. म्हणून दोन्हींवर एकदमच इलाज लागतो. मी बहीण, म्हणून त्याच्या खाटेवर माझी ड्युटी लावत नाहीत. त्याला मलिका सिस्टर बघतात.

आता जे लिहायला हात धजत नाही ते. पहिले पाच दिवस दादाने ताटाला हात लावला नाही. केळी तेवढी खायचा, स्वतः सोलून. मलिका सिस्टर रागावल्या नाहीत. गोळ्यांचं पाकीट त्याच्यासमोर फोडायच्या, नाव वाचायच्या, कशासाठी ते सांगायच्या आणि तळहात पुढे करायच्या. नको म्हणाला तर थोड्या वेळाने पुन्हा. सहाव्या दिवशी त्याने गोळी उचलली आणि सांगितलं की कानातला माणूस दोन वर्षं एकच सांगतो, बायको जेवणात काहीतरी घालते.

वहिनी, तो माणूस खोटा आहे, पण त्याची ही एक गोष्ट खरी होती. आणि ती खरी मी केली. घरची नर्स म्हणून ऐटीत तुम्हाला कुटायला मीच शिकवलं. घरचं ताट सोडून तो गुत्त्यावर का जायचा, ते मला आत्ता कळतंय. फार रडले. माझं शिकवणं तेवढं मी त्याला सांगितलं, तुम्ही काय केलंत ते नाही; माफी मागितली. मग मी सोललेलं केळं त्याने खाल्लं.

येळवसाला सुट्टी मिळेल. पण तुमचं तुम्हीच त्याला सांगायला हवं. आंबील त्या दिवशीची ताजी करा, फार आंबवू नका; दारूची आठवण नको.

माझ्या चुकीसकट माया करा.

तुमची,
उज्वला

शिरूर अनंतपाळ
१० डिसेंबर २०२५

सौ. उज्वलाताईस,
स. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. आधी तुमचा राग आला, मग माझाच. सांगितल्यावर ते उठून गेले तर? पुन्हा गुत्ता, पुन्हा ते बोलणं. न सांगता ताकात घातली तर निदान पोटात तरी जाईल, असं अजून वाटतं. खलबत्ता मात्र धुऊन माळ्यावर टाकलाय. त्यांना न्यायला मीच येते.

रागाखाली लोभ आहे, तो ओळखावा.

सिंधु

शिरूर अनंतपाळ
२० डिसेंबर २०२५

चि. उज्वलास,
अनेक आशीर्वाद.

उद्या मी वॉर्डात परत येतोच; पत्र माझ्यामागून पोचेल. समोरासमोर मला बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

काल येळवस झाली. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव पुजले, मिसळभाजीची भज्जी आणि बाजरीचे उंडे झाले. ज्वारी नुकती निसवलेली, कणसं बाहेर आलेली, ऊन मऊ, सगळं शिवार झोपेत कूस बदलावी तसं हलत होतं. पाहुणे आंबील पिऊन झाडाखाली आडवे झाले. तेव्हा सिंधुने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कुटणं, ताक, दोन वर्षं.

मी उठून ज्वारीत शिरलो. लई आत गेलो. पानांच्या सळसळीत कानातला बोलत होता, की तो आधीपासून सांगतच होता. बांधापलीकडे गुत्त्याची वाट आहे आणि ती माझ्या पायांना पाठ आहे. मागून सिंधुने हाक मारली, एकदाच. मी थांबलो. मग वळून पाहिलं.

परत आलो तर ती तिथेच उभी, तळहातावर गोळी घेऊन. पाकिटावरचं इंग्रजी नाव तिला लागेना, ते मीच वाचून दाखवलं. गोळी घेतली. मग तिने आंबील दिली. पेला तोंडाला लावला तसं कानातला म्हणाला, की यातही काहीतरी आहे. मी त्याला सांगितलं, की असतं तर सिंधुने सांगितलं असतं.

दोन पेले प्यालो आणि झाडाखाली झोपलो. तुझ्या वाटचे उंडे घेऊन येतो.

माया राहू दे.

तुझा दादा,
दयानंद