गाडी जमिनीवर टेकल्यावर

आबा, आज शहापूरच्या गॅरेजात मी माझ्या गाडीपाशी उभी होते. गाडी जॅकवर, पुढची चाकं लोंबकळलेली, आणि मिस्त्री तशातच बुशचे नट आवळायला निघाला. "आधी गाडी खाली उतरवा," मी म्हटलं. "बाई, शाळा तुमची, गॅरेज माझं," तो हसला. मी हसले नाही. त्याने गाडी उतरवली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तेव्हाच ठरवलं की घरी गेल्यावर तुम्हाला लिहायचं.

टोकावड्याच्या आपल्या गॅरेजच्या पत्र्याच्या शेडसमोर ती लांब नाकाची अमेरिकन गाडी पहिल्यांदा थांबली तेव्हा शेजारच्या ढाब्यावरची माणसं हातातला चहा घेऊन बघायला आली होती. मी पदवी घेऊन घरी बसले होते, नोकरीची वाट बघत. गाडीचे मालक मुरबाडकडचे फार्महाऊसवाले शेठ. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची आणि माळशेज घाटात ती घेऊन जायची त्यांना धास्ती वाटायची. तुम्ही गाडीखालच्या खड्ड्यात उतरलात आणि लगेच वर आलात. चाक तोलून धरणारे लोखंडी हात सांगाड्याला जिथे जोडतात तिथलं रबर, म्हणजे बुश, पार गेलं होतं. शेठनी मुंबईहून नवे बुश आणले, जुन्यापेक्षा कडक, चांगल्या प्रतीचे. तुम्ही ते बसवलेत. दोन महिन्यांत फाटले. पुन्हा आणले, पुन्हा फाटले. तिसऱ्या खेपेला नवे बुश आणून दिले, पण शेठ खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. "मिस्त्री, ये आखरी बार. नाहीतर गाडी कल्याणला नेतो, आणि इकडच्या सगळ्यांना सांगतो का नेली ते." ढाब्यापर्यंत ऐकू गेलं. त्या रस्त्यावर मुरबाडपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत तुमचं नाव होतं. ते नाव मी पहिल्यांदाच हलताना पाहिलं.

दुपारी तुम्ही जेवला नाहीत. मी फाटलेले बुश ओट्यावर मांडून बसले. चारही एकाच बाजूला पिळून फाटलेले, कपडा पिळावा तसे. माल वाईट असता तर कसाही फाटला असता. तुम्ही नेहमी गाडी वर उचललेली असतानाच नट आवळत होतात. लोखंडी हात खाली लोंबलेला, तिथेच रबर जखडलं. मग गाडी उतरली की हात वर जाणार आणि रबर कायमचं पिळलेलं राहणार. जुन्या मऊ रबराने तुमची ही सवय वर्षानुवर्षं सोसली. नव्या कडक रबराने सोसली नाही.

हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही भडकलात. "वीस वर्सं आमी असंच करतो. तू काल कॉलेजातून आलीस नि मला शिकवतेस काय गो?" मग मी शेठच्या गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक उचललं आणि म्हणाले, "यात लिहिलंय. गाडी चाकांवर टेकल्यावरच नट आवळायचे." तसं त्यात काहीही नव्हतं, आबा. पुढच्या चाकांचं अख्खं प्रकरण वाळवीने खाल्लेलं होतं.

तुम्ही पाना माझ्यापुढे धरलात. "मग तूच आवळ. फाटलं तर नाव तुझं."

गाडी खड्ड्यावर चाकांवर उभी केली. रोज असतं तेवढं वजन हवं म्हणून ढाबेवाल्याला हाक मारली. "काय रे मिस्त्री, इतर वेळी चहाला विचारत नाय, आज वजनाला मी?" म्हणत तो पुढे बसला. तुम्ही स्टिअरिंगपाशी. मी ओढणी कमरेला बांधून खाली उतरले. तेवढ्यात शेठ आले. "पोरगी करते?" त्यांनी विचारलं. वरून तुमचा आवाज आला, "माझ्या गॅरेजात होतं ते मीच करतो शेठ. आता फाटलं तर हा धंदा बंद." मला एक सांगून त्यांना दुसरंच सांगितलंत. मी शेवटचा नट आवळला आणि वर आले.

चार महिन्यांनी, दिवाळीनंतर, शेठ माळशेज उतरून थेट आपल्याकडे आले. तुम्ही बॅटरी घेऊन खाली सरपटलात आणि बाहेर आलात ते मातीनं माखून. "जसे बसवले तसे हायत." मग ढाब्याकडे तोंड करून, मला नाही, सगळ्या रस्त्याला ऐकवलंत, "पोरीनं केलंय! पोरीनं!" त्यानंतर प्रत्येक जीपवाल्याला तुम्ही बजावत होतात, आधी खाली उतरव, पुस्तकात लिवलंय. मी कितीतरी बक्षिसं घेतली, मुख्याध्यापिकाही झाले. त्या ओरडण्याची सर कशालाच नाही.

पत्र कुठे टाकायचं नाहीच. फक्त एवढं लिहून ठेवते. ते पान दाखव, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. पुस्तकाशिवाय, नुसतं "मला असं वाटतं" म्हणाले असते, तरी तुम्ही पाना दिला असतात का, हे मला ठाऊक नाही. मी विचारूनच पाहिलं नाही.