बदके, बायपास आणि मनीषनगरचा फ्लॅट यांची व्यवस्था

मी, कुमारी यमुना श्रीधर हरकरे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सेवानिवृत्त, राहणार मनीषनगर, नागपूर, हा दस्त कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, पूर्ण शुद्धीत आणि चहा झाल्यावर लिहून ठेवीत आहे. या वयात ‘कुमारी’ हा शब्द वकिलांना खटकला. मला खटकत नाही.

माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉ. श्वेता यांनी तपासून लिहून दिले आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मग मी त्यांना विचारले की वापरलेली सलाइनची नळी कचऱ्याच्या लाल पिशवीत जायला हवी, ती पिवळ्या पिशवीत काय करते आहे. ते त्यांना सांगता आले नाही. दाखला मात्र माझ्याच नावाने निघाला. तो सोबत जोडला आहे.

१. मनीषनगरचा फ्लॅट माझ्या मालकीचा असून तो माझ्या पश्चात माझी भाची चिन्मयी हिला मिळावा. तिचा भाऊ गौरांग याला तो न देण्यामागे राग नाही. गेल्या दिवाळीत तो माझ्या बाल्कनीचे माप घेत होता. मी विचारले, “कशाला रे?” तर म्हणाला, “आत्या, तू बस. पुढेमागे इथं काच लावून ऑफिस काढता येईल, एवढंच बघून राहिलो.” मी तेव्हा त्याच बाल्कनीत बसून पोहे खात होते. जाताना तो मोजपट्टी विसरून गेला. ती मोजपट्टी मी गौरांगला देत आहे.

२. माझे पीएच मीटर, काचेची सर्व भांडी आणि पांढरा कोट हे उन्नती हिला द्यावे. माझी नोकरी झाली त्या कारखान्यात आज माझ्या जागेवर ती आहे. तिने कोट धुवावा, पण खिशावरचा पिवळा डाग काढू नये. तो क्रोमचा आहे, निघणारही नाही.

३. यापुढचे कलम बदकांचे आहे. ते समजण्यासाठी थोडी हकिकत लिहिणे भाग आहे. माझे वकील ॲड. जितेंद्र यांनी ती गाळावी असे सुचवले होते. मी क्षणभर त्यांनाच गाळण्याच्या विचारात होते.

हिंगणा एमआयडीसीतील एका क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात माझी सारी नोकरी झाली. नाव लिहीत नाही. तिथे नळ, कड्या, सायकलींची हँडले चकचकीत होत आणि उरलेले पिवळे विषारी पाणी माझ्याकडे येई. ते शुद्ध करून मगच नाल्यात सोडायचे, हे माझे काम. पर्यावरण विभाग म्हणजे मी, माझी खुर्ची आणि प्लांट चालवणारे चंपतराव गोतमारे. खुर्ची सायकल स्टँडच्या मागे होती.

एकदा आमचे मालक कुठल्याशा परदेशी कारखान्यात जाऊन आले. तिथे शुद्ध केलेल्या पाण्याच्या तळ्यावर बदके पोहत होती. आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला की आपल्याकडेही बदके हवीत. खरेदी विभागाकडे बदकांसाठी रकाना नव्हता, म्हणून ती ‘चल यंत्रसामग्री’ या सदराखाली आली आणि प्रत्येकाच्या पायात ॲसेट नंबरचा बिल्ला अडकवला गेला. सर्वांत जाड बदकीला कामगार ‘सुपरवायझर’ म्हणू लागले. तळ्याकाठी पाटी लागली: ‘हे पाणी पक्षी, प्राणी व मानवी संपर्कास योग्य आहे.’ खाली वर्क्स मॅनेजर मार्तंड सोनटक्के यांची सही.

पुढे ऑडिटर आले. पाण्याची प्रत बदकांवरून समजते असे कुणीतरी फाइलमध्ये लिहिले होते, म्हणून त्यांनी बदकांचे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे मोजमापाचे साधन अचूक असल्याचा दाखला, मागितले. मार्तंडरावांनी गुरांचे डॉक्टर बोलावले. डॉक्टरांनी सुपरवायझरला उलटसुलट करून पाहिले आणि ‘बदक अचूक आहे’ असे लिहून दिले. ऑडिटरांचे समाधान झाले. मीही हसले होते. पण बदक खरोखरच अचूक होते, हे नंतर कळले.

एका उन्हाळ्यात मोठी ऑर्डर आली. शुद्धीकरणाच्या टाकीला तेवढे पाणी झेपेना आणि त्यात टाकीला तडा गेलेला. मार्तंडरावांनी बायपासचा व्हॉल्व्ह उघडायला लावला; म्हणजे पिवळे पाणी टाकीला वळसा घालून थेट तळ्यात आणि तिथून नाल्यात. मी लेखी विरोध केला. त्यांनी लेखी ‘नोंद घेतली’ असे कळवले. बदकांनी काहीही कळवले नाही. ती तळ्यातून बाहेर पडली, एका ओळीत मेन गेटपर्यंत चालत गेली आणि गेटजवळच्या कारंज्यात जाऊन बसली. नेमके तेव्हा मोठे गिऱ्हाईक आले होते. त्यांनी विचारले, “ही इथे कशी?” मार्तंडराव म्हणाले, “लंच टाइम आहे.”

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी बदकांना कामाच्या जागी गैरहजर राहिल्याबद्दल मेमो काढला. खोटे वाटेल, पण ॲसेट नंबरनिशी काढला, आणि खातेनिहाय चौकशीही बसवली. बदकांच्या बाजूने चंपतराव उभे राहिले.

“साहेब,” ते म्हणाले, “बदकं पान्यात नाई जाऊन राहिली, तं पान्याले विचारा न. बदकाईले काहून विचारता?”

चौकशीचा निकाल बदकांच्या विरोधात गेला. त्यांचा दाणा निम्मा झाला आणि तळ्यावर प्लॅस्टिकची बदके आली. ती कुठेही गेली नाहीत. फक्त त्यांचा रंग गेला.

चंपतरावांचे घर नाल्याच्या खालच्या अंगाला आहे. त्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या विहिरीचे पाणी पिवळसर दिसू लागले. त्यांची बायको मनकर्णाबाई पितळी कळशी डोक्यावर घेऊन कारखान्यात आली, मार्तंडरावांच्या केबिनमध्ये शिरली, टेबलावरचाच ग्लास उचलून भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

“घ्या न साहेब, पानी. लय ऊन हाय.”

मार्तंडरावांनी ग्लासाकडे पाहिले. “बाई, मला तहान नाही,” ते म्हणाले.

“नसू द्या. लागंल तवर मी बसतो.”

ती संध्याकाळपर्यंत तिथेच खाली बसून राहिली. मार्तंडरावांनी फोन घेतले, सह्या केल्या, दोन मीटिंगा तिच्यासमोरच उरकल्या, पण तो ग्लास त्यांनी उचलला नाही आणि शिपायाला उचलूही दिला नाही. मी दारात उभी होते. मला त्या माणसाची कीव आली आणि रागही आला. दोन्ही अजून आहेत.

दुसऱ्या दिवशी मी घरून सायकलची साखळी आणि कुलूप नेले, बायपासचा व्हॉल्व्ह बंद केला, त्याच्या चाकाला साखळी घातली आणि किल्ली सुपरवायझरच्या गळ्यात बांधली. बायपास थांबल्यावर तळ्याचे पाणी हळूहळू निवळले. बदके कारंज्यातून उठून परत तळ्यात आली आणि त्यांच्याबरोबर किल्लीही तळ्याच्या मध्यभागी गेली.

टाकीला झेपेल तेवढेच प्लेटिंग होऊ लागले. ऑर्डर रखडली. मार्तंडराव सगळा स्टाफ घेऊन काठावर आले. “ती किल्ली काढा,” म्हणाले. कोणीही पाण्यात उतरेना. “अहो, पाणी स्वच्छ आहे! माझी सही आहे!” ते पाटीकडे हात करून ओरडले. सर्वांनी आदराने पाटी वाचली. तरी कोणी उतरेना. कोणीतरी सुचवले की साखळी ग्राइंडरने कापू. त्या जागी ठिणगी पाडायची तर हॉट वर्क परमिट लागते, आणि ते माझ्या सहीने निघते. मी सांगितले, अर्ज करा, विचार करू.

शेवटी मार्तंडराव स्वतः उतरले. पँट वर दुमडली, घड्याळ चंपतरावांच्या हाती दिले आणि गेले. पाणी वरून निवळले होते, पण बायपासच्या दिवसांतला गाळ अजून तळाशी होता. त्यात त्यांचे पाय रुतले. सुपरवायझर त्यांच्यापासून बरोबर हातभर पुढे राहत गोल गोल फिरत होती. आम्ही सारे काठावरून पाहत होतो आणि, मी हे शपथेवर लिहिते, कोणीही हसले नाही. ते किल्लीशिवाय बाहेर आले, काठावर बसले आणि आपल्या पायांकडे बघू लागले. पायमोजे पिवळे झाले होते. ते नडगी खाजवत राहिले.

मग म्हणाले, “मनकर्णाबाई रोज यातच हात घालतात का हो?”

“हात नाही. हंडा,” मी म्हणाले.

“लाइन बंद करा. टाकी आधी.”

नवी टाकी झाली. माझी वेतनवाढ थांबली. विहिरीचे पाणी सुधारायला बरीच वर्षे लागली; तोवर कंपनीचा टँकर मनकर्णाबाईंच्या दारात आणि साऱ्या वस्तीत येत राहिला, आणि ही गोष्ट मार्तंडरावांनी कुठेही लेखी न देता पाळली.

माझ्या निवृत्तीच्या सुमारास बदके हिशोबातून बाद होऊन भंगारात निघाली. लिलावात मी एकटीच होते. आज सोसायटीच्या गच्चीवर आहेत त्या त्यांच्या लेकीनाती.

४. सबब, सर्व बदके चंपतराव व मनकर्णाबाई गोतमारे यांना द्यावीत. मी चंपतरावांना विचारले. ते म्हणाले, “मॅडम, तुमी पयले मरा तं खरं, मंग पाहू.” ही मी संमती समजते.

५. बँकेतील सर्व शिल्लक त्यांच्या वस्तीतील विहिरींचे पाणी दर वर्षी प्रयोगशाळेत तपासून घेण्यासाठी वापरावी. हे काम उन्नतीने पाहावे. मनकर्णाबाई मला म्हणाल्या, “आता तं साफ दिसते न वं बाई पानी?” दिसते. म्हणूनच तपासायचे.

६. माझ्या देहाचे विद्युतदाहिनीत दहन करावे. राख कोणत्याही नदीत, तलावात वा नाल्यात टाकू नये. राख अल्कधर्मी असते. ती मातीत कालवावी, मातीचा पीएच पाहावा आणि मगच वर झाड लावावे. चिन्मयी हे ऐकून रडू लागली आणि रडता रडता म्हणाली, “आत्या, किती पीएच चालेल?” फ्लॅट योग्य हाती चालला आहे.

७. हे शेवटचे कलम आज सकाळी, सह्यांच्या वेळी वाढवले आहे. मार्तंड सोनटक्के हे निवृत्तीनंतर योगायोगाने आमच्याच सोसायटीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायला आले. त्यांची पत्नी वारल्यापासून ते एकटेच असतात. दर महिन्याला ते माझ्याविरुद्ध सोसायटीकडे लेखी तक्रार देतात: आवाज, पिसे, गच्चीवरून ओघळणारे पाणी. आज साक्षीदार म्हणून ते वर आले आणि सारा मसुदा चष्मा लावून वाचला.

“यात माझ्या नावानं काही नाही?”

“तुम्ही साक्षीदार आहात. साक्षीदाराला काही ठेवू नये, असं वकील म्हणतात.”

त्यांनी सही केली. पेनाला टोपण लावले, पण उठले नाहीत.

“तुम्ही गेल्यावर,” ते म्हणाले, “मी तक्रार कोणाची करायची?”

जितेंद्र यांनी खिडकीबाहेर पाहिले. मी मार्तंडरावांसाठी चहा टाकला. तो पिऊन होईपर्यंत मी पुढील मजकूर लिहिला: श्री. मार्तंड सोनटक्के यांना माझ्या पश्चात माझ्याविरुद्ध दरमहा तक्रार करण्याचा हक्क तहहयात राहील. हा हक्क त्यांच्या वारसांकडे जाणार नाही. चिन्मयीने प्रत्येक तक्रार त्यांना दारात उभे न ठेवता, घरात बसवून घ्यावी आणि पोच द्यावी. वकिलांच्या मते ही देणगी ठरत नाही. माझ्या मते ठरते.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, मला मान्य आहे, आणि सातव्या कलमासह खालील दोघांच्या समक्ष त्यावर सही करीत आहे.

यमुना श्रीधर हरकरे

साक्षीदार:
१. मार्तंड सोनटक्के (सातवे कलम वाचल्यावर पुन्हा सही केली)
२. डॉ. श्वेता पोहरकर

स्थळ: मनीषनगर, नागपूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५